तीन उजवे

जगदेवीला हिसाब येत नव्हता असं कुणी म्हणू नये. त्रैराशिक ती भाकरी थापता थापता सोडवायची. अपूर्णांकांना ती कधी घाबरली नाही. तिचं घोडं अडलं ते शेवटच्या धड्यात. त्या वर्षी उस्तानीच्या परीक्षेत, म्हणजे मुलींच्या शाळेत शिकवायचा परवाना देणाऱ्या परीक्षेत, कुणा शहाण्यानं इमकान नावाचं एक नवं प्रकरण घुसडलं होतं. एखादी गोष्ट घडण्याचा संभव किती, त्याचा हिसाब म्हणजे इमकान. आता जी गोष्ट अजून घडलीच नाही तिचा हिसाब माणसानं कसा करावा? आणि घडून गेल्यावर करायचा म्हटलं, तर संभव उरला कुठं? हैदराबादेत पंख्याखाली बसून ज्यानं हा धडा लिहिला त्याला असले प्रश्न पडत नसावेत. जगदेवीला मात्र दुसरं काही सुचत नव्हतं.

तिला शिकवणारी उस्तानी नसीमबी आपल्या परीनं डोकं फोडत होती. शाळा सुटली की रिकाम्या खोलीत दोघी समोरासमोर बसायच्या आणि नसीमबी रुपया उडवायची. तेव्हाच्या निजामी हाली रुपयाला एका अंगानं चारमिनार आणि दुसऱ्या अंगानं फारसी अक्षरं असायची.

"सांग, चारमिनार का अक्षरं?"

"पडल्यावर सांगते की, आपा."

"पडल्यावर तर आमची बकरी बी सांगंल. पडायच्या आधी सांग. चारमिनारचा इमकान किती?"

"अर्धा," जगदेवी म्हणाली, कारण पुस्तकात तसं छापलं होतं.

"शाब्बास. का अर्धा?"

का, ते पुस्तकात छापलं नव्हतं. नसीमबीनं रुपया उडवला, चारमिनार पडला. पुन्हा उडवला, पुन्हा चारमिनार. तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदाही तेच झालं. जगदेवीचा चेहरा उजळला.

"आता अक्षरं पडनार! आता त्येंची पाळी हाय."

"पाळी कसली? ही काय पाणी भरायची विहीर हाय? आता बी अर्धाच इमकान."

"पर इतक्या येळंला चारमिनार पडला की!"

"नाण्याला याद नसती, बेटी. आधी काय पडलं त्येला काय म्हाईत?"

जगदेवीनं रुपया हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. लागोपाठ एकच तोंड दाखवलं याची त्या रुपयाला काही लाज कशी नाही, हे तिला कळेना. पुस्तकात मात्र होतं तसंच, अर्धा. तिनं ते पाठ केलं आणि घरी गेली. पाठ करणं हा तिचा नेहमीचा उपाय होता, आणि या धड्यापर्यंत तो चालला होता.

नसीमबी नळदुर्गातल्या मुलींच्या शाळेची एकटी उस्तानी. सगळ्या इयत्ता, एक खोली आणि एक घसा, असं ती स्वतःच म्हणायची. मराठी-कानडी बोलणाऱ्या घरांतल्या मुलीही शाळेत याव्यात, म्हणून त्यांच्यातलीच एखादी बाई परीक्षा देत असेल तर तिला दुसरी उस्तानी नेमू, असा वरून हुकूम आला होता. हुकूम काढणाऱ्याचं काय जातं! अख्ख्या नळदुर्गात उर्दू सातवी झालेली लिंगायताघरची बाई एकच निघाली, ती जगदेवी. तीही शिकली कशी, तर घरात आई नाही आणि पोरगी सारखी पायात येते म्हणून बापानं तिला शाळेत बसवलं आणि उठवायचं विसरला.

बाप म्हणजे बंडप्पा गुरव. बोरी नदी ओलांडली की माळावर गुड्डव्वेचं देऊळ होतं, तिथला तो पुजारी. पोरीला शाळेतून उठवायची आठवण त्याला झाली ती एकदम लग्नाच्या वेळी. आळंदकडच्या शरणप्पा नावाच्या पोराशी तिचं लग्न लागलं. पोरगा देखणा होता, हसरा होता, आणि पुढच्या उन्हाळ्यात पटकीनं गेला. जगदेवी परत आली. बापानं एक शब्द विचारला नाही, तिनंही सांगितला नाही. आली त्या दिवशी तिनं देवळाचा झाडू हातात घेतला आणि जणू कुठं गेलीच नव्हती अशी ती झाडू लागली.

आता तिला पुन्हा मागणी आली होती. अणदूरचा कल्याणप्पा, भुसाराचं दुकान, बायको वारलेली, पदरात दोन लेकरं. पाट लावून द्या म्हणून त्याची थोरली बहीण उमाबाई येऊन बसली होती. कल्याणप्पा माणूस वाईट नव्हता, हीच खरी अडचण होती. वाईट असता तर जगदेवीला नाही म्हणायला तोंड मिळालं असतं. एकीकडं अणदूर, दुसरीकडं गुलबर्ग्याची परीक्षा. परीक्षा पास झाली की ती नसीमबीच्या शेजारच्या खुर्चीवर बसणार, आपलं आपण कमावणार, आणि पुन्हा कुणाच्या उंबऱ्यावर माप ओलांडायला उभी राहणार नाही. तिला तेच हवं होतं. इतकं हवं होतं की रात्रंदिवस छातीवर कुणी धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं. पण गुरवाघरची रीत अशी की असलं काही माणसानं ठरवायचं नसतं.

"गुड्डव्वा आईला इचारू," बंडप्पा म्हणाला. "येत्या मंगळवारी कौल लावू. आई व्हय म्हनली तर पाट, न्हाय म्हनली तर जा तुझ्या परीक्षंला."

परीक्षा त्याच आठवड्यात होती. तेव्हा पास होण्याच्या आधी जगदेवीला देवीच्या हातून सुटायचं होतं, आणि इमकानच्या धड्यातून अजून सुटका नव्हती.

पुढचा नेम तर आणखी अवघड निघाला. दोन गोष्टी घडायला हव्यात, ही आणि ती, तर त्यांचे इमकान गुणायचे. ही किंवा ती, दोन्ही एकदम घडत नसतील, तर मिळवायचे. जगदेवीला गुणाकाराचं काही वाटलं नाही. अर्ध्या भाकरीची अर्धी म्हणजे चतकोर, यात काय अवघड आहे? पण भाकरी डोळ्यांना दिसते. इमकान कुठं दिसतो? नसीमबीनं बोटं मोडून पाहिली, रुपया उडवून पाहिला, शेवटी कपाळाला हात लावून एक सवाल घालून दिला. एक रुपया तीन वेळा उडवला, तर तिन्ही वेळा चारमिनार पडण्याचा इमकान किती?

जगदेवीनं पाटीवर उत्तर लिहिलं, एक.

नसीमबीनं पाटी आधी सुलटी धरली, मग उलटी धरून पाहिली. "एक? पुरा एक? म्हंजे पडनारच? सूर्य उगवनार, तसं?"

"व्हय."

"या अल्ला! कसं काय?"

जगदेवी अवघडली. तिनं केलं होतं असं, की रुपयाचं काही केल्या कळत नाही, तर आपल्याला कळतं असं काहीतरी त्याच्या जागी घ्यावं. अशी एक गोष्ट तिच्या घरचीच होती. "कौल, आपा," ती म्हणाली. "कौलाचं बी असंच की. एकतर उजवा, न्हायतर डावा. तिसरं काय न्हाय."

मग तिनं सगळं समजावून सांगितलं. कण्हेरीच्या दोन पाकळ्या हळदीच्या पाण्यात भिजवायच्या. एक देवीच्या उजव्या खांद्यावर चिकटवायची, एक डाव्या. मनातला सवाल बोलायचा आणि वाट बघायची. आधी उजवी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाय. बाकी कामांना एक कौल पुरतो, पण लगीन म्हणजे जन्माची गाठ, म्हणून त्याला तीन कौल लावतात. तिन्ही उजवे पडले तरच लगीन. एक जरी डावा पडला तरी सोयरीक तिथंच संपली.

"तीन येळा," जगदेवी म्हणाली, "आन तिन्ही उजवेच पडत्यात. म्हून एक."

नसीमबी हसायला लागली होती, ती मध्येच थांबली. "तिन्ही उजवेच? डावा कधीच न्हाय पडत?"

"कोर्टाच्या कामाला पडतुया. कुनी जमीन इकतो म्हनला तर पडतुया."

"लग्नाला?"

जगदेवी आठवू लागली. जगताप पाटलाच्या दोन्ही पोरी, साळ्यांची नीलम्मा, बोळातली इरम्मा, कोष्ट्याचा तो तोतरा पोरगा. लहानपणापासून ती गाभाऱ्याच्या दाराशी उभी राहून पाकळ्या पडताना बघत आली होती. "लग्नाला न्हाय," ती म्हणाली.

"बघ बेटी, अर्ध्याचं अर्धं, त्येचं पुन्यांदा अर्धं. आठातला एक वाटा. आठ सोयरिकी इचारल्या, तर त्यातल्या सात मोडायला पायजेत. एखाद्या साली कमी, एखाद्या साली जास्ती, पर मोडायला तर पायजेत? किती मोडल्या?"

"एक बी न्हाय." जगदेवीनं जरा विचार केला आणि तिला राग आला. "मंग आपा, तुमचा नेमच चुकीचा हाय. देवी काय रुपया हाय का?"

नसीमबीच्या तोंडावरचं हसू आता पार गेलं होतं. ती चांगली पंधरा वर्षं या गावात होती आणि दुसऱ्याच्या देवळाबद्दल आपण किती बोलावं हे तिला नेमकं ठाऊक होतं. "तौबा, तौबा. देवी रुपया न्हाय, बराबर हाय तुझं. तू परीक्षंच्या परचात आठातला एक वाटा लिही आन सुटून जा. देवळातलं देवळात ऱ्हाऊ दे."

पण देवळातलं देवळात राहिलं नाही. नदीच्या पात्रातल्या दगडांवरून पाय टाकत जगदेवी घरी निघाली आणि मध्यावर उभीच राहिली. देवी रुपया नाही, देवीला सगळं कळतं, हे ठीक. म्हणजे शरणप्पाला पटकी होणार हेही तिला कळत असणार. मग जगदेवीच्या लग्नाला ती तीन वेळा व्हय कशाला म्हणाली? एकदा चुकून म्हणाली असती तर जगदेवीनं माफ केलं असतं. आणि देवी म्हणालीच नसेल, पाकळ्या आपल्या आपण पडल्या असतील, तर तो आठातला एक वाटा नेमका आपल्याच नशिबी कसा? आणि जगताप पाटलाच्या पोरींच्या? आणि सगळ्यांच्याच? पाणी पायावरून जात होतं आणि जगदेवीला कुठल्या काठाला जायचं होतं तेच आठवेना. तिला एवढंच कळलं, की हा हिसाब कुठंतरी जुळत नाही आणि ही चूक पुस्तकातली नाही.

दुसऱ्या दिवशी ती गाभाऱ्याच्या दारात नेहमीच्या जागी उभी राहिली, पण या वेळी तिनं देवीकडं पाहिलं नाही. तिनं बापाच्या अंगठ्याकडं पाहिलं.

कौल लावायला शिवलिंगप्पा आला होता. भावाशी बांधावरून भांडण, धाराशिवच्या कोर्टात जाऊ का म्हणून विचारायचं होतं. बंडप्पानं त्याला आधी बसवलं, पाणी दिलं, भावाची लेकरं कशी आहेत विचारलं, वकील लोक कसे असतात त्याच्या दोन गोष्टी सांगितल्या. मग पाकळ्या घेतल्या. देवीच्या उजव्या खांद्यावरची पाकळी त्यानं खांद्याच्या खोलगट भागात ठेवून अंगठ्यानं चांगली दाबली. डावी मात्र गोलाईवर नुसती टेकवली. थोड्या वेळात डावी पडली. शिवलिंगप्पानं सुस्कारा सोडला, देवीला नारळ वाढवला आणि भावाच्या घराकडं गेला.

दुपारून एका मुलीच्या लग्नाचा कौल आला. त्या वेळी खोलगट जागा डाव्या पाकळीला मिळाली. तिन्ही कौल उजवे पडले आणि मुलीची आई रडायला लागली, आनंदानं.

बापाला लबाड म्हणावं, तर त्यानं घेतलं काय? एक नारळ. लोकांचं वाईट केलं का? शिवलिंगप्पाचं तर भलंच केलं. पण मग आजवर देवी काय बोलत होती, का कधी बोललीच नव्हती? आणि शरणप्पा? त्या तीन उजव्या पाकळ्या? तिला एकदम बापाचा तो हसरा चेहरा आठवला, शरणप्पा पहिल्यांदा घरी आला तेव्हाचा. पोरगा बापाला भारी आवडला होता.

बंडप्पा जेवायला बसला तेव्हा तिनं विचारलं. आडपडदा न ठेवता विचारलं, कारण गोड बोलून विचारायची ताकद तिच्यात नव्हती.

"आप्पा, माझ्या लग्नाच्या टायमाला तुमी पाकळ्या सारख्या लावल्या हुत्या का?"

बंडप्पाचा घास हातात राहिला. भाकरी तशीच टाकून त्यानं ताटात हात धुतला आणि उठून बाहेर गेला. त्या दिवसापासून बापलेकीत लागेल तेवढंच बोलणं राहिलं. पाणी तापलं, दिवा लावला, संपलं. जगदेवीच्या मनात राग असा भरला की बापाचं धोतर धुतानाही ती ते दगडावर हवं त्यापेक्षा जास्त आपटायची. आपलं आयुष्य बापाच्या अंगठ्याखाली चेपलं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

तिनं हे नसीमबीला सांगितलं. सांगताना रडली. नसीमबीनं तिला आधी रडू दिलं आणि मग हिसाबावर आणलं, कारण नसीमबीला दुसरं औषध ठाऊक नव्हतं.

"आता मंगळवारी काय हुईल?"

"आप्पा उजवी सैल लावत्याल. कल्याणप्पा भला मानूस हाय म्हनून रोज म्हनत्यात."

"आन सारख्या लावल्या तर?"

जगदेवीनं डोळे पुसले. तिन्ही उजवे, आठातला एक वाटा. एक तरी डावा, तर उरलेले सात वाटे. आठातले सात! इमकानच्या धड्यातलं हे पहिलंच गणित होतं जे तिनं कुणी न सांगता केलं आणि करताच ते पटलं. फक्त पाकळ्या सारख्या लावायला हव्या होत्या. बाप हयात असताना ते होणार नव्हतं.

"आपा," ती म्हणाली, "पर आईचं खरंच मनात आसंल तर?"

नसीमबीनं रुपया उचलून पदराला बांधला. "ते परचात येनार न्हाय," ती म्हणाली. "त्येचं उत्तर माझ्याकडं न्हाय, बेटी."

मंगळवारी सकाळीच उमाबाई आली. तिच्यामागं कल्याणप्पा, डोक्याला नवं पागोटं, नजर खाली. बंडप्पानं गाभारा धुतला, देवीला हळदकुंकू वाहिलं, पाकळ्यांचं ताट उचललं. जगदेवी दारात उभी होती आणि तिचे डोळे बापाच्या हातावर होते. बंडप्पाला ते कळत असावं. तो देवीपुढून वळला आणि त्यानं ताट जगदेवीपुढं धरलं.

"तू लाव."

"म्या?"

"गुरवाचीच पोर हायस. आईला बाईचा हात चालतुया. ह्या खेपंला माझा हात नगं."

"असं कुठं आसतंय व्हय?" उमाबाई फणकारली. "पोरीचा कौल पोरगीच लावती? आमी काय पोरखेळ बघाया आलाव?"

"लावू द्या, अक्का," कल्याणप्पा खालच्या आवाजात म्हणाला. एवढंच तो त्या दिवशी बहिणीला उलटून बोलला.

जगदेवीनं ताट घेतलं. हे तिच्या हिसाबात नव्हतं. आता उजवी दाबून बसवली आणि डावी नुसती टेकवली की झालं, पहिल्याच कौलाला सुटका. गुलबर्गा, खुर्ची, स्वतःचा पगार. पण मग तिच्यात आणि बापात फरक काय राहिला? बापानं जे केलं ते आपण करायचं नाही, हे तिनं तिथल्या तिथं ठरवलं. खरं सांगायचं तर त्यात चांगुलपणापेक्षा खुन्नसच जास्त होती. कौल कसा लावायचा असतो ते बापाला एकदा दाखवायचं होतं. शिवाय सात वाटे तिच्याच बाजूचे होते.

तिनं एकाच फुलाच्या दोन पाकळ्या काढल्या. दोन्ही एकदम बुडवल्या, एकदम उचलल्या, आणि दोन अंगठ्यांनी एकाच वेळी देवीच्या दोन खांद्यांवर गोलाईवर लावल्या. बंडप्पानं देवीला सवाल घातला.

उजवी पडली.

जगदेवीनं मान हलवली. ठीक आहे. अजून एक तरी डावा पडायचा इमकान तसा चांगलाच होता, चारातले तीन वाटे. तिनं दुसऱ्या पाकळ्या लावल्या, तितक्याच जपून. या वेळी जास्त वेळ लागला. एक माशी येऊन डाव्या पाकळीवर बसली आणि उडाली. मग उजवी पडली.

उमाबाईनं हात जोडले. "आईचं मनच हाय त्ये," ती म्हणाली.

आता जगदेवीच्या डोक्यात सगळा गोंधळ माजला. सकाळी सात वाटे होते तिचे. ते गेले कुठं? कुणी नेले? आता एकच कौल राहिला आणि उरला तो निम्मा इमकान, इकडं अर्धा, तिकडं अर्धा. नाण्याला याद नसते, हे खरं. पाकळीलाही नसेल. पण देवीला असेल की! दोनदा व्हय म्हणालेली देवी तिसऱ्यांदा तोंड फिरवेल का? की आता डाव्याची पाळी आहे? पाळी नसते, आपा म्हणाली होती. पण आपा देवळात कधी आली होती? अणदूरचं दुकान तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं, दोन लेकरांची तोंडं, उमाबाईची बोलणी. तिला ते नको होतं. नको, नको, नको. हे आजवर तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनं स्वतःशीही एवढ्या स्पष्टपणे म्हटलं नव्हतं.

तिनं पाकळ्या भिजवल्या. दोन्ही एकदम उचलल्या. दोन्ही अंगठे एकदम टेकवले, सारखेच, अगदी सारखेच, असं मनात म्हणत, आणि हात काढून घेतले.

डावी पडली.

मग उमाबाई पदर झटकून उठली आणि पुजाऱ्याच्या घरात आता पोरी देवीला शिकवायला लागल्या, असं काहीबाही बोलत पायऱ्या उतरून गेली. कल्याणप्पा मागं राहिला. त्यानं देवीला नमस्कार केला, पायरीवरची चप्पल पायात घातली आणि जाता जाता जगदेवीला म्हणाला, "परीक्षा चांगली द्या." त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. जगदेवीला वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

देवळात बापलेक दोघंच उरले. जगदेवी जिंकली होती. उद्या सोलापूरची मोटर, तिथून गाडीनं गुलबर्गा. तिला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण ती देवीपुढं पडलेल्या पाकळ्या गोळा करायच्या सोडून नुसती त्यांच्याकडं बघत बसली. शेवटची उजवी पाकळी अजून देवीच्या खांद्यावरच होती. एवढा वेळ टिकावी इतकी ती घट्ट बसली होती का? तिनं जवळ जाऊन पाहिलं. गोलाईवरच होती का, की जराशी आत, खोलगट भागाकडं? खोलगट भाग नेमका कुठं सुरू होतो? तिनं आपले अंगठे पाहिले. दोन्हींना हळद लागली होती. कुठं जास्त, कुठं कमी, ते काही केल्या ठरेना.

"आप्पा," ती म्हणाली, आणि तिला आपलाच आवाज परका वाटला. "म्या सारख्याच लावल्या हुत्या."

बंडप्पा खाली बसून समई विझवत होता. त्यानं वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत टोमणा नव्हता, रागही नव्हता. इतके दिवस अडवून धरलेलं एकदाचं बोलून टाकावं, तसा तो बोलला.

"व्हय, पोरी. तुझ्या लग्नाला म्या बी सारख्याच लावल्या हुत्या."

जगदेवीनं त्याच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. खोटं बोलणारा माणूस तिला ओळखता येत होता. हा माणूस खोटं बोलत नव्हता, जशी तीही आत्ता बोलली नव्हती. ती त्याच्या शेजारी खाली बसली आणि तिला असं रडू फुटलं, की शरणप्पा गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.